शपथ, शिवी आणि कोट : इंग्रजी सभ्यतेचा इतिहास आणि आपली बोली

माणसाची पायरी ठरविण्यासाठी समाज दोन गज हाताशी ठेवतो. एक अंगावरच्या कपड्यांचा आणि दुसरा तोंडातल्या शब्दांचा. सीमाभागातील आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला यांतील दुसऱ्या गजाचा अनुभव फार जुना आहे. बेळगाव, खानापूर वा निपाणीचा तरुण शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जातो. बोलण्याच्या ओघात ‘पण’ या अर्थी तो ‘खरं’ म्हणतो, ‘काय करतोस’ ऐवजी ‘काय करालास’ म्हणतो आणि समोरच्याच्या ओठांवर हसू उमटते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीत हिंदीचा सूर ऐकू आला किंवा बडोद्याच्या मराठीत गुजरातीची छटा दिसली, तरी हेच घडते. आपल्या बोलीला मग विशेषणे चिकटतात. रांगडी, गावंढळ, शिवराळ. विशेषण लावणारा बहुधा दुष्ट नसतो. सभ्यतेचा एक ठरलेला नमुना आहे आणि आपण त्यात बसत नाही, एवढेच त्याला शिकविलेले असते.

हा नमुना पूर्णपणे परका नाही. ‘नागर’ आणि ‘ग्राम्य’ हा भेद संस्कृत साहित्यशास्त्रातही होता व ‘ग्राम्यता’ हा तेथे काव्याचा दोष मानला जाई. तथापि आजच्या आपल्या सुशिक्षितपणाच्या कल्पनेत इंग्रजी शाळा, इंग्रजी कचेरी आणि इंग्रजी न्यायालय यांचा वाटा मोठा आहे. साहेब जिभेला आवर घालणारा आणि पोशाखात काटेकोर, ही प्रतिमा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांच्या मनात पक्की बसली. म्हणूनच या प्रतिमेच्या मागे जाऊन, खुद्द इंग्लंडात शिवी आणि पोशाख यांविषयीचे नियम कसे घडले, कोणी घडविले आणि कितीदा पालटले, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एकाच धातूची दोन फळे

आरंभ शब्दापासूनच करू. इंग्रजीत ‘स्वेअर’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : शपथ घेणे आणि शिव्या देणे. ‘ओथ’ हे नामही असेच दोन्ही अर्थ वाहते. न्यायालयात साक्षीदार जे करतो आणि गुत्त्यात दारुडा जे करतो, त्या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे. उत्तर देणे या अर्थाच्या ‘आन्सर’ या साध्या शब्दातही हेच जुने क्रियापद दडलेले आहे. आरोपाला शपथपूर्वक दिलेला जबाब, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याला हे विचित्र वाटू नये. संस्कृतातील ‘शप्’ या एकाच धातूपासून ‘शपथ’ही आली आणि ‘शाप’ही आला. मराठीत ‘शिव्याशाप’ असा जोडशब्द आपण आजही वापरतो.

या द्व्यर्थीपणाचे कारण मध्ययुगीन इंग्लंडच्या श्रद्धेत आहे. तेव्हाची भयंकर शिवी शरीराच्या गुप्त भागांची नव्हती, देवाच्या नावाची होती. ख्रिस्ताच्या जखमांची, रक्ताची, हाडांची आण क्षुल्लक कारणासाठी घेणे हा घोर अपराध मानला जाई. अशा प्रत्येक खोट्या आणभाकेगणिक ख्रिस्ताचे शरीर पुन्हा फाडले जाते, असे धर्मोपदेशक सांगत. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने आपल्या एका कथेत अशा शपथा घेणाऱ्या मद्यपी मंडळींची कठोर निर्भर्त्सना एका धर्मोपजीवी पात्राच्या तोंडून करविली आहे, आणि ते पात्र स्वतः किती लबाड आहे हेही दाखविले आहे.

याउलट, आज इंग्रजीत सर्वांत अश्लील गणले जाणारे काही शरीरवाचक शब्द त्या काळी उघडपणे वापरले जात. स्त्रीच्या गुह्यांगाचा वाचक असलेला, आज छापतानाही संकोच वाटावा असा एक शब्द तेराव्या शतकात लंडन आणि ऑक्सफर्ड येथील गल्ल्यांच्या अधिकृत नावांत होता. गल्लीत चालणारा व्यवसाय नावातून सांगितला जाई, इतकेच. नगरपित्यांना त्यात लपविण्यासारखे काही वाटले नाही. म्हणजे शब्द तेच होते, लोकही तेच होते. निषिद्ध काय मानायचे, एवढेच निराळे होते.

कपड्यांचे कायदे

जिभेवर अशी धर्माची नजर असताना कपड्यांवर राजाची नजर होती. तिसऱ्या एडवर्डच्या काळात, १३६३ साली, इंग्लिश पार्लमेंटने कोणी काय ल्यावे आणि काय खावे याविषयी एक सविस्तर कायदा केला. नांगरे, गाडीवान, मेंढपाळ अशा ज्यांची मालमत्ता ४० शिलिंगांहून कमी होती, त्यांनी जाडेभरडे घोंगडीवजा लोकरी कापडच वापरावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हा कायदा अल्पायुषी ठरला, पण त्यामागची बुद्धी गेली नाही. १४६३, १४८३, १५१० आणि १५३३ साली पुन्हा पुन्हा असे कायदे झाले. जांभळे रेशीम राजघराण्यासाठी, अमुक प्रकारची मखमल अमुक दर्जाच्या सरदारासाठी, अशी ही उतरंड होती. पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७४ साली याच आशयाचा जाहीरनामा काढला.

कायदे पुन्हा पुन्हा करावे लागले, याचा अर्थ ते पाळले जात नव्हते. व्यापारातून पैसा मिळविलेला लंडनचा कारागीर मखमल विकत घेऊ शकत होता आणि घेत होता. कपड्यावरून माणूस ओळखता येईनासा झाला, ही सरदारवर्गाची खरी चिंता होती. अखेर पहिल्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत, १६०४ साली, पार्लमेंटने पोशाखाचे हे सर्व कायदे रद्द केले.

पोशाखाला कायद्याने मोकळीक मिळाली आणि पाठोपाठ जिभेवर कायदा आला. १६०६ साली नाटकमंडळ्यांसाठी एक अधिनियम झाला. रंगभूमीवर देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा वा त्रिमूर्ती यांचे नाव थट्टेने किंवा अनादराने उच्चारल्यास दहा पौंड दंड. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. शेक्सपिअरच्या नाटकांवर याची खूण आजही दिसते. ‘ऑथेल्लो’ १६२२ साली सुटे छापले गेले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहात आले. सुट्या प्रतीतील ख्रिस्ताच्या जखमांच्या अनेक शपथा संग्रहातील पाठात गाळलेल्या वा सौम्य केलेल्या आढळतात. नाटकातील खून, मत्सर, शय्यागृहाचे उल्लेख यांना मात्र कोणी हात लावला नाही.

शिवीचे दरपत्रक

१६२४ साली रस्त्यावरच्या सामान्य माणसासाठीही कायदा झाला : प्रत्येक शपथेमागे १२ पेन्स, म्हणजे एक शिलिंग. पुढे यादवी युद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला आणि प्युरिटन पंथीयांचे राज्य आले. त्यांनी १६५० साली जे दरपत्रक लागू केले, ते मुळातून पाहण्याजोगे आहे. पहिल्या अपराधाला लॉर्डला ३० शिलिंग, बॅरोनेट वा नाइटला २० शिलिंग, एस्क्वायरला १० शिलिंग, जंटलमनला ६ शिलिंग ८ पेन्स आणि उरलेल्या सर्वांना ३ शिलिंग ४ पेन्स. राजा गेला होता, पण शिवी देणाऱ्याची पायरी मोजण्याची रीत गेली नव्हती.

राजेशाही परत आल्यानंतरही ही पद्धत टिकली. १७४५ च्या कायद्यात तीन पायऱ्या होत्या. मजूर, साधा शिपाई वा खलाशी असेल तर एक शिलिंग. जंटलमनच्या खालचा इतर कोणी असेल तर दोन शिलिंग. जंटलमन वा त्याहून वरचा असेल तर पाच शिलिंग. दुसऱ्या खेपेस दुप्पट, तिसऱ्या खेपेस तिप्पट. हा कायदा दर तीन महिन्यांनी चर्चमध्ये वाचून दाखवावा, असेही बंधन होते. तो पुस्तकातून अधिकृतपणे निघाला १९६७ साली.

श्रीमंताला अधिक दंड, म्हणजे हा न्यायच झाला, असे कोणी म्हणेल. आकड्यांचा हिशेब मात्र निराळा आहे. मजुराला एक शिलिंग म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. जंटलमनला पाच शिलिंग म्हणजे एखाद्या भोजनाचा खर्च. शिवाय न्यायदंडाधिकारी हा स्वतः जंटलमनवर्गातला. आपल्या पंक्तीला बसणाऱ्याला तो किती वेळा बोलावील, याची कल्पना वाचकांनीच करावी. कायदा पापाविषयी बोलत होता; त्याच्या रचनेत मात्र समाजाची उतरंड कोरलेली होती.

लोकांनी यातून आपली वाट काढली. देवाचे नाव थोडे मोडून, अर्धे गिळून म्हणायचे. इंग्रजी कथांत आपण वाचतो ते ‘गॉश’, ‘गॉली’, ‘एगॅड’, ‘झाउंड्स’ हे सारे देवाच्या वा ख्रिस्ताच्या जखमांच्या नावांचे असे घासून गुळगुळीत झालेले तुकडे आहेत. ‘ब्लायमी’ या शब्दात ‘देव मला आंधळा करो’ ही अख्खी शपथ दडलेली आहे. आज त्या शब्दांत ना देव दिसतो ना पाप.

‘व्हल्गर’ म्हणजे कोण?

अठराव्या शतकात धर्माची धार बोथट होत गेली. देवाच्या नावाची शपथ पूर्वीइतकी भयंकर वाटेनाशी झाली आणि निषिद्धाची जागा शरीराने घेतली. कोशवाङ्मयात हा बदल चांगला दिसतो. १७२१ साली नेथन बेली याने आपल्या इंग्रजी व्युत्पत्तिकोशात संभोगवाचक प्रसिद्ध शब्दाला जागा दिली. अर्थ मात्र लॅटिनमध्ये दिला. ज्याला लॅटिन येते तो सुशिक्षित, आणि सुशिक्षिताला हा अर्थ वाचून धोका नाही, अशी ही सोय होती. १७५५ साली डॉ. जॉन्सनच्या कोशातून तो शब्द नाहीसा झाला. असभ्य शब्द गाळल्याबद्दल दोन स्त्रियांनी अभिनंदन केले, तेव्हा ‘म्हणजे आपण ते शोधत होता तर’ अशा आशयाचे उत्तर जॉन्सनने दिल्याची आख्यायिका सांगतात. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे प्रकाशन १८८४ ते १९२८ असे चव्वेचाळीस वर्षे चालले. त्यातही हा शब्द नव्हता. तो आला १९७२ च्या पुरवणीत. भाषेचा संपूर्ण ठेवा नोंदवू म्हणणाऱ्या ग्रंथाने देशातील प्रत्येक गोदीत, गिरणीत आणि छावणीत रोज ऐकू येणारा शब्द इतकी वर्षे पाहिलाच नाही.

१७८५ साली फ्रान्सिस ग्रोस याने या हद्दपार शब्दांचा निराळा कोश काढला. त्याच्या नावातच ‘व्हल्गर’ जिभेचा उल्लेख आहे. या ‘व्हल्गर’ शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लॅटिनमधील मूळ ‘व्हल्गस’ म्हणजे लोक, सामान्य जनसमूह. बायबलच्या प्रसिद्ध लॅटिन भाषांतराचे ‘व्हल्गेट’ हे नाव याच कुळातले. त्यात कसलीही निंदा नाही. तोच शब्द हळूहळू ‘अशिष्ट, ओंगळ’ या अर्थाचा झाला. तसेच ‘व्हिलन’ हा आज नाटकसिनेमांतला खलपुरुष. मुळात तो जमीनदाराच्या शेतावर राबणारा गावकरी होता. आपल्याकडे गावापासून ‘गावंढळ’ आणि ग्रामापासून ‘ग्राम्य’ झाले, त्याच वाटेने हे शब्द गेले. दोन्ही समाजांत निंदेचे शब्द कष्टकऱ्यांच्या वस्तीच्या नावांवरून तयार झाले. कोण बोलतो यावरून शब्दाची किंमत ठरली आणि नंतर ती किंमत शब्दाचा अंगभूत गुणच आहे, असे शिकविले गेले.

एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गाने हे शिक्षण सर्वांत मनावर घेतले. बाउड्लर कुटुंबाने शेक्सपिअरची ‘कौटुंबिक’ आवृत्ती १८०७ मध्ये काढली आणि १८१८ मध्ये ती दहा खंडांपर्यंत वाढविली. वडिलांनी ती मुलाबाळांसमोर मोठ्याने वाचावी आणि कोणाच्या गालावर लाली येऊ नये, हा हेतू. या कुटुंबाच्या नावावरून इंग्रजीत काटछाट करण्याला एक क्रियापदच मिळाले.

काळा कोट आणि टोपी

पोशाखाची कथा याला समांतर चालली. १६६६ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या चार्ल्स राजाने दरबारात नवा, साधा असा आतल्या बंडीचा पोशाख सुरू केला. सॅम्युअल पेप्सच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. आजच्या तीन कपड्यांच्या सुटाचा उगम अनेकजण तेथे पाहतात. पुढे दीडशे वर्षांनी ब्यू ब्रमेल या लंडनच्या छानछोकी माणसाने भरजरी कपडे मागे सारून गडद रंगाचा उत्तम बेतलेला कोट आणि शुभ्र, खळ दिलेला गळपट्टा रूढ केला. वरवर पाहता ही साधेपणाची दीक्षा होती. प्रत्यक्षात फरक आता सोन्याच्या जरीवर न राहता शिवणीच्या नेटकेपणावर, धोब्याच्या खर्चावर आणि कोणत्या वेळी काय घालावे या ज्ञानावर आला. कायद्याने मखमल बंद करता येत होती. हे अलिखित नियम मात्र जन्मापासून त्या घरात वाढल्याशिवाय कळणे कठीण होते. रद्द झालेल्या कायद्याचे काम रूढीने अधिक चोखपणे केले.

१८९२ साली केअर हार्डी हा खाणीत बालपण घालविलेला कामगार पुढारी पार्लमेंटात निवडून आला. सभासदांनी काळा लांब कोट आणि उंच रेशमी टोपी घालावी हा संकेत. हार्डी साध्या लोकरी सुटात आणि टोपडीत गेला आणि वर्तमानपत्रांनी गहजब केला. तो काय बोलला यापेक्षा डोक्यावर काय होते, याची चर्चा अधिक झाली. त्याच्याच पक्षाचे पहिले मंत्रिमंडळ १९२४ साली आले, तेव्हा राजाच्या भेटीसाठी दरबारी पोशाख घालावा की नाही, यावर पक्षात वाद झाला आणि बऱ्याच मंत्र्यांनी तो घातला.

फुलवालीच्या तोंडचा एक शब्द

कपडा आणि शब्द यांचा मेळ इंग्रजी रंगभूमीवर अगदी उघड झाला तो ११ एप्रिल १९१४ रोजी, लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात. नाटक बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ लिहिले आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा मराठी घराघरांत पोहोचली, हे आपण जाणतोच. मूळ नाटकात रस्त्यावर फुले विकणारी एलायझा एका ध्वनिशास्त्रज्ञाकडून उच्चवर्गीय उच्चार शिकते आणि तिची पहिली परीक्षा एका प्रतिष्ठित दिवाणखान्यात होते. वेश सुंदर, उच्चार निर्दोष. निघताना मात्र तिच्या तोंडून ‘ब्लडी’ हा शब्द निसटतो. तेव्हा हा शब्द कामगारवस्तीचा समजला जाई आणि वर्तमानपत्रे मधली अक्षरे गाळून तो छापत. राजदरबारातील लॉर्ड चेंबरलेन हा अधिकारी नाटकांचा परीक्षक असे. त्याने परवानगी दिली होती. तरी प्रेक्षागृहात एकच खळबळ उडाली आणि काही दिवस शहरात दुसरा विषय नव्हता.

शॉ यांनी पुढे जे दाखविले ते अधिक मर्मभेदी आहे. दिवाणखान्यातील एका मध्यमवर्गीय तरुणीला वाटते की ही नवी फॅशन असावी, आणि जाता जाता ती स्वतःही तो शब्द वापरते. चिखलाने माखलेल्या झग्यात जो शब्द किळसवाणा होता, तोच उंची पोशाखात आधुनिक ठरला. शब्द बदलला नव्हता. तो उच्चारणारी व्यक्तीही खरे तर बदलली नव्हती.

इंग्लंडातच पुढे भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ साली उच्चवर्गीय आणि इतरांच्या इंग्रजीतील भेदांवर प्रसिद्ध निबंध लिहिला. एकीकडे ‘आरसा’, ‘हातपुसणे’ अशा घरगुती वस्तूंना कोणता शब्द वापरावा यावरून वर्ग ओळखला जातो, हे त्यांनी दाखविले. गंमत अशी की जपून, निवडून, ‘सभ्य’ शब्द वापरणारा हा बहुधा मध्यमवर्गीय निघे. सरदाराला आणि मजुराला तशी धास्ती नव्हती. एकाला घसरण्याची भीती नव्हती आणि दुसऱ्याला चढण्याची आशा नव्हती. मधल्या पायरीवरच्या माणसाने मात्र शब्द आणि टाय दोन्ही सारखेच घट्ट धरून ठेवले.

खंदक, न्यायालय आणि मुंबईचे पुस्तकदुकान

पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत सर्व थरांतील इंग्रज एकत्र आले. सैनिकांच्या बोलीचा अभ्यास करणाऱ्या जॉन ब्रॉफी आणि एरिक पार्ट्रिज यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. प्रत्येक वाक्यात तीच शिवी येत असल्याने तिच्यात काही अर्थच उरला नव्हता. हुकूम जेव्हा शिवीशिवाय येई, तेव्हाच प्रसंग खरोखर बाका आहे, हे सैनिकांना कळे.

१९६० साली डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवरून पेंग्विन प्रकाशनावर लंडनच्या ओल्ड बेलीत खटला चालला. कुरळ्या पांढऱ्या केसांचा टोप आणि काळा झगा घातलेल्या सरकारी वकिलाने कादंबरीतील अश्लील शब्द कितीदा आले याचा हिशेब ज्यूरीपुढे मोठ्याने वाचला. आपल्या पत्नीने किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचावे असे तुम्हांला वाटेल काय, अशा आशयाचा त्याचा प्रश्न गाजला. पुस्तकाची किंमत साडेतीन शिलिंग ठेवली होती, म्हणजे कोणीही मजूर ते घेऊ शकत होता, आणि खरी पोटदुखी तीच होती. ज्यूरीने पेंग्विनला निर्दोष सोडले.

हेच पुस्तक विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकदुकानाच्या भागीदारांवर भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमाखाली खटला झाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. आधार होता १८६८ च्या हिकलिन खटल्यातील इंग्रजी कसोटीचा : ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात, ती या मजकुराने बिघडतील काय? इंग्लंडने स्वतःचे धोरण १९५९ च्या नव्या कायद्याने बदलले होते. आपण मात्र त्यांचा जुना कोट अंगावर ठेवला. ही कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारली ती २०१४ साली.

वेशातून दिलेले उत्तर

पोशाखाच्या बाबतीत मात्र आपल्या पूर्वजांनी अधिक स्वतंत्र बुद्धी दाखविली. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. उंची पोशाखातील त्या मंडळींत महात्मा जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. खरा हिंदुस्थान या दालनात नसून खेड्यांत आहे, त्यांच्या शिक्षणाची सोय करा, हे त्यांनी राजपुत्रास भाषणातून सांगितले. वेश हा त्यांच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद होता. १९३१ च्या नोव्हेंबरात गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्ज राजाच्या स्वागतसमारंभास धोतर आणि शालीत गेले. त्याच वर्षी चर्चिलने त्यांच्या अर्धनग्नतेवरून त्यांची अवहेलना केली होती.

दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयुष्यभर नीटनेटका पाश्चात्य सूट वापरला. ज्यांच्या अंगावर चांगले वस्त्र दिसले तरी गाव खवळत असे, त्या समाजातील माणसाने तो कोट घालणे ही नक्कल नव्हती, हक्काची नोंद होती. फुले आणि आंबेडकर यांचे वेश परस्परविरोधी दिसतात. परंतु पोशाखावरून माणसाची पायरी ठरविण्याचा अधिकार दोघांनीही नाकारला.

हद्द सरकत राहते

खुद्द इंग्लंडात त्यानंतर काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९६८ साली नाटकांवरील दरबारी परीक्षण संपले. १ डिसेंबर १९७६ रोजी सेक्स पिस्टल्स या वाद्यवृंदाच्या तरुणांनी फाटक्या, टाचण्या लावलेल्या कपड्यांत संध्याकाळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे त्यानेच भरली. या मुलांना कपडा आणि शब्द यांचे नाते पुरते ठाऊक होते. त्यांनी दोन्ही एकदम फाडले. २००८ पासून इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांत केसांचे टोप गेले. २०१७ साली हाउस ऑफ कॉमन्सच्या सभापतींनी पुरुष सभासदांना टाय सक्तीचा नाही, असे सांगितले. आज तेथे देवाच्या नावाची शपथ कोणी मनावर घेत नाही, शरीरवाचक शिव्याही पुष्कळशा पचल्या आहेत. सर्वांत असह्य मानले जातात ते वंशावरून, वर्णावरून, अपंगत्वावरून हिणविणारे शब्द. आठशे वर्षांत निषिद्धाची हद्द देवावरून शरीरावर आणि शरीरावरून माणसाच्या प्रतिष्ठेवर सरकली. या शेवटच्या टप्प्याला मात्र नैतिक आधार आहे, असे आम्हांस वाटते; कारण येथे प्रथमच बोलणाऱ्याचा दर्जा न पाहता ऐकणाऱ्याची जखम पाहिली गेली.

आपल्यापुरता निष्कर्ष

वाचकहो, या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी घेतो.

पहिली, सभ्यता आणि प्रतिष्ठा यांची गल्लत करू नये. दुसऱ्याला दुखवू नये ही सभ्यता. ती प्रत्येक बोलीत असते आणि प्रत्येक बोलीत मोडताही येते. जातीवरून, भाषेवरून, बाईपणावरून दिलेली शिवी आमच्या सीमाभागात दिली तरी ती निंद्यच आहे. कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्याला त्याच्या भाषेवरून हिणवून मराठीचा लढा मोठा होत नाही. पण जिवलग मित्र भेटताच आपुलकीने घातलेली एखादी शिवी, शिमग्याची बोंब, किंवा तुकोबांच्या अभंगांतले रोखठोक शब्द यांना ‘असंस्कृत’ ठरविणारा गज परका आहे. तो आमच्या जीवनातून घडलेला नाही.

दुसरी, प्रमाण मराठी ही आपल्याला हवीच. आपली निवेदने, न्यायालयातील अर्ज, शाळांची पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे यांसाठी सर्व मराठी मुलुखाला समजणारी एक भाषा असावी लागते, आणि ती आपल्या मुलांना उत्तम आली पाहिजे. न्यायालयात वकील झगा घालतो, तशी ती प्रसंगाला घालावी. मात्र घरी येऊन झगा उतरवणाऱ्या वकिलाला कोणी उघडा म्हणत नाही, हेही लक्षात असावे.

तिसरी, एलायझाची शोकांतिका आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ देऊ नये. नाटकाच्या उत्तरार्धात ती विचारते की, आता माझे काय होणार? जुनी वस्ती सुटली आणि नव्या समाजात जागा नाही. प्रयोग करणाऱ्या पंडिताला याचे उत्तर ठाऊक नसते. तो प्रश्नही त्याला पडलेला नसतो. पुण्या-मुंबईत हसे होईल म्हणून घरची बोली लपविणारे मूल असेच मध्यावर लटकते. त्याची आजी चंदगडची, कारवारची वा बिदरची असेल. तिच्याशी तो अवघडून बोलू लागतो आणि काही वर्षांनी बोलेनासा होतो. एका भाषेची सीमा अशीही आक्रसते. सरकारी फलकावरून मराठी पुसली गेली तर आपण रस्त्यावर येतो, आणि ते योग्यच आहे. घरातल्या मुलाच्या तोंडातून ‘खरं’ आणि ‘करालास’ पुसले जाताना मात्र आपणच त्याला शाबासकी देतो.

या पुढच्या काळात आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे शब्द, म्हणी, शेतीची आणि स्वयंपाकाची नावे, होय, त्यांच्या लाडक्या शिव्यादेखील, वहीत उतरवून ठेवा. ऑक्सफर्डच्या पंडितांनी लोकांचे शब्द नोंदवायला १९७२ पर्यंत वाट पाहिली. आपल्याजवळ तेवढा वेळ नाही.